बाहीभर स्पगेटी

"काटा एकदा माझ्या हातात येऊ दे, मग बघत राहा!" शिंपीमास्तरांनी हे आठवडाभरात इतक्यांदा ऐकवलं होतं, की दुकानातल्या शिलाई मशीनलाही ते पाठ झालं असावं.

प्रसंग तसा नाजूक होता. लेकीने आपला नवरा आपणच निवडला होता. मुलगा गुणी, त्याचे घड्याळं दुरुस्त करणारे वडील तर अगदीच गरीब स्वभावाचे. गाडं अडलं होतं ते मुलाच्या आईपाशी. बाई बोलायच्या मोजकं, हातातल्या विणकामाच्या सुया मात्र अखंड चालू. हो नाही आणि नाहीही नाही! "आधी माणसं बघू," एवढंच म्हणाल्या. म्हणून मुलाने रविवारी दुपारी दोन्ही घरांना शहरातल्या एका इटालियन हॉटेलात जेवायला बोलावलं.

"ती शेवयांसारखी स्पगेटी काट्यावर गुंडाळून खातात म्हणे," मास्तरांची बायको काळजीने म्हणाली. "आपण आपला चमचा मागू या हो."

"चमचा? पोरीच्या होणाऱ्या सासूसमोर? अगं, चाळीस वर्षं सुईत दोरा ओवतोय मी!"

झालं! दुकानात गिऱ्हाईक नसलं की मास्तर ताटलीत लोकर टाकून तालीम करू लागले. चार दिवसांत हात असा बसला की काटा फिरवला की लोकरीचा गुंडा तयार! त्यात एका गिऱ्हाइकाने ज्ञान दिलं, की खरी स्पगेटी जरा चिवट असते, दाताखाली लागली पाहिजे. मास्तरांनी तेही मनाशी पक्कं टाचून ठेवलं.

रविवार उजाडला. बाहेर लख्ख ऊन आणि हॉटेलात मात्र मिणमिणते दिवे. त्यातून मास्तरांनी चष्मा खिशात ठेवलेला. चष्म्यात ते समोरच्याचं माप घेतल्यासारखं बघतात, असं लेकीचं म्हणणं होतं.

पांढऱ्या सॉसमधली स्पगेटी आली. नेमक्या त्याच वेळी मुलाच्या आईने पिशवीतून सायीच्या रंगाचा एक स्वेटर काढला. शेवटच्या बाहीची कड तेवढी बंद करायची राहिली होती. "हात पुढे कर गं," त्या लेकीला म्हणाल्या आणि टेबलावरून वाकून त्यांनी ती बाही तिच्या हातावर धरली. मापाला आड येते म्हणून टाके मोकळे सोडून सुईही काढून घेतली. लेकीने लगबगीने हात ताठ धरला. स्वेटर तिच्यासाठीच होता की! आणि शेजारी बसलेल्या मास्तरांच्या ताटलीत लोकरीचं मोकळं टोक अलगद जाऊन पडलं.

मास्तरांनी काटा खुपसला, फिरवला. काय ती पकड! अगदी तालमीतल्यासारखी! पहिला घास तोंडात टाकून त्यांनी बराच वेळ चावला. तुटेना, तेव्हा दाढेखाली धरून सवयीने तटकन तोडला आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

"वा! हीच खरी! दाताखाली लागली पाहिजे!"

जन्मभर दाताने दोरे तोडलेल्या माणसाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण अभिमान चढला की जिभेचीही चव जाते, त्याला कोण काय करणार!

दुसऱ्या घासाला मास्तर रंगात आले. काटा फिरतोय, फिरतोय आणि धागा काही संपत नाही. "बघितलंत घड्याळजी? एकसंध! कुठे जोड नाही. आचारी पोचलेला दिसतो!"

घड्याळजी बायकोकडे बघत होते. मुलगा छताकडे. बाही उसवत उसवत मनगटावरून कोपरापाशी आली होती.

"बाबा..." लेक पुटपुटली.

"बघून ठेव, नंतर उपयोगी पडेल!"

"अहो, थांबा ना!" मास्तरांच्या बायकोने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"घाई करायची नसते यात!"

बाही दंडापर्यंत गेली. तेवढ्यात आचारी विचारपूस करायला टेबलापाशी आला. मास्तरांनी त्याचा हातच धरला. "मानलं तुम्हाला! अशी चिवट स्पगेटी आयुष्यात खाल्ली नाही!"

आचाऱ्याने ताटलीत डोकावून पाहिलं. "पण साहेब, तुम्ही तर हातच लावलेला नाही."

मास्तरांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. ताटलीत स्पगेटीचा ढीग जसाच्या तसा. काट्यावर मुठीएवढा लोकरीचा गुंडा. आणि लेकीचा दंड उघडा! मास्तरांना वाटलं, आता टेबलाखाली शिरावं आणि लेकीचं लग्न उरकेपर्यंत बाहेर येऊ नये.

मुलाच्या आईने त्यांच्या हातातला काटा काढून घेतला. गुंडा दिव्याजवळ नेऊन चहूबाजूंनी न्याहाळला.

"एकही गाठ नाही," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "बघा जरा! तीस वर्षांत तुम्हाला लोकरीची एक लड धड धरता आली नाही."

"पण बाही..." मास्तरांनी लेकीच्या उघड्या दंडाकडे बोट दाखवलं.

"दोन बोटं लांबच झाली होती. उसवणारच होते मी." त्यांनी लेकीचा हात हातात घेतला. "सूनबाई, पुढच्या रविवारी घरी ये. नवीन बाही विणू. आणि वडिलांना आण बरोबर. त्यांच्या काट्यासकट."

लेक हसता हसता रडली. मास्तरांच्या बायकोने चमचा मागवला आणि नवऱ्याची स्पगेटी सुखाने संपवली.

पुढे साखरपुड्यानंतर सगळे त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर जेवायला गेले. या वेळी मास्तरांच्या डोळ्यांवर चष्मा होता. खऱ्या स्पगेटीचा पहिला घास त्यांनी तोंडात घातला, विचारपूर्वक चावला आणि हळूच बायकोच्या कानाशी लागून म्हणाले, "मऊच आहे गं. त्या दिवशीची सर नाही!"