रविवारच्या सुट्टीचं किट

अख्ख्या शेवगाव तालुक्यात माझ्याइतकं डोकं चालणारा चपला दुरुस्त करणारा माणूस नाही! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे, 'यशया बूट रिपेअरिंग'. दुकान म्हणजे काय, मी आत बसलो की ते भरतं. सोमवार ते शनिवार मी तिथं टाके घालतो आणि रविवारी चर्चच्या दारात.

हो, चर्चच्या दारात! आमच्या मंडळीत चपला बाहेर काढून आत जायची पद्धत. उपासना संपली की लोक बाहेर येऊन आधी चपला शोधतात आणि चपला सापडल्या की मला शोधतात. "यशयाभाऊ, एवढा अंगठा बघा ना." "एकच टाका हाय!" एकच टाका, एकच टाका करत दीड वाजतो. या एका टाक्यापायी माझ्या बायकोच्या माहेरचे तीन कार्यक्रम बुडाले. भाच्याचा बाप्तिस्मा, मेव्हणीचा साखरपुडा आणि सासऱ्यांची सत्तरी. सगळे रविवारी!

आता माझ्या मेव्हण्यानं, जस्टिननं, श्रीरामपूरजवळ बेलापूरला घर बांधलं. नव्या घराची प्रार्थना रविवारी चार वाजता. बायकोनं, म्हणजे कृपानं, मला आठ दिवस आधी समोर बसवलं.

"पावनेबाराची श्रीरामपूर गाडी. तुमी आलात तर तुमच्यासंग, न्हाई आलात तर तुमच्याबिगर. पन मग मी परत कधी येनार ते इचारायचं न्हाई."

"अगं, या रविवारी मी कोणाच्या चपलेला हातसुद्धा लावणार नाही!"

"असं तुमी बाप्तिस्म्यालाबी म्हनला हुता."

पण या वेळी माझ्याकडे योजना होती. लोकांनी आपल्या चपला आपणच दुरुस्त करायच्या! मी एकेका पिशवीत चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब, भोकं पाडायची आरी, मेणाचा दोरा, चार चुका म्हणजे बारीक खिळे, रबराचे दोन तुकडे आणि घासायचा पॉलिश पेपर भरला. वर छापील चिठ्ठी जोडली : 'घासा. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावा. दहा मिनिटं उघडं ठेवा. मग जोरात दाबा.' यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा!

शेजारचा पंक्चरवाला हैदर मात्र पिशवी उलटसुलट करून बघत राहिला.

"सोल्युशन लोकांच्या हातात देतो तू? तीस वर्षं पंक्चर काढतोय मी, अजून माझीच बोटं चिकटत्यात."

"तुझी गिऱ्हाइकं वेगळी, माझी मंडळी वेगळी," मी ऐटीत म्हणालो.

शनिवारी बाजाराला आलेल्या मंडळीतल्या एकोणतीस जणांनी किट घेतलं. पहिल्या होत्या भागूबाई. वय बहात्तर, रानातल्या वस्तीवरून पाच किलोमीटर चालत चर्चला येतात आणि पाळकसाहेबांनाही अरेतुरे करतात.

"हे लई झ्याक झालं," पिशवी उघडत त्या म्हणाल्या. "आता एकदा करून दाखव."

"मावशी, चिठ्ठीत लिहिलंय की."

"चष्मा घरी ऱ्हायला."

मी करून दाखवलं. म्हणजे त्यांची डावी चप्पल दुरुस्त करून दिली, फुकट!

"आता उजवी तू कर, मी नीट बघते."

त्यांच्यामागं अठ्ठावीस जण उभे होते आणि कोणालाच करून बघायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. तीन चपलांनंतर मी ओरडलो, "बास! घरी जाऊन आपापलं करा! उद्या मला बेलापूरला जायचंय!" लोक हिरमुसले, पण गेले. मग फोन सुरू झाले. आरी कुठल्या टोकानं धरायची? चुका उरल्या तर परत घेणार का? घासा म्हणजे साबणानं का? एकानं तर विचारलं, दहा मिनिटं उघडं ठेवायचं म्हणजे दाराची कडीपण उघडी ठेवायची का! मी फोन बंद करून टाकला. हीच माझी चूक झाली, कारण त्यानंतर सगळ्यांनी स्वतःचं डोकं चालवलं.

रविवारी मी पांढरा शर्ट घालून मागच्या बाकावर बसलो. बूट दारात न ठेवता मागच्या खिडकीत ठेवले. शेवटचा 'आमेन' झाला की मागच्या दारानं थेट स्टँड! कृपा बायकांच्या बाजूला बसली होती. बेलापूरसाठी घेतलेली नवी सँडल तिनं नेहमीसारखी पुढच्या दारात काढली होती. उपदेश चालू असताना मला सोल्युशनचा वास आला. सवयीचा वास, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

झालं होतं असं. माझी मंडळी हिशेबी. दहा मिनिटं घरी बसून वाया कोण घालवणार? त्यापेक्षा चर्चच्या दारात जाऊन सोल्युशन लावायचं आणि चप्पल तिथंच उन्हात उघडी ठेवायची. उपासनेची उपासना होते, चप्पलही वाळते! प्रत्येकाला वाटलं, ही युक्ती आपल्यालाच सुचली. मग पायऱ्यांवर ट्यूबा पिळल्या गेल्या, अर्ध्या चपलेवर, अर्ध्या पायरीवर. उशिरा आलेल्यांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या चपला आधीच्यांवर रचल्या. एवढ्यावर भागलं असतं. पण शेवटचं गीत संपायच्या आत शब्बाथशाळेची पोरं बाहेर सुटली आणि त्या ढिगावरून तीनदा धावली. चिठ्ठीतली शेवटची सूचना तेवढी अगदी बरोबर पाळली गेली!

मी बूट चढवून मागच्या दारातून एक पाय बाहेर टाकला आणि पुढून भागूबाईंचा आवाज आला.

"यशया! अरे, माझ्या चपलंला पाळकसाहेबांचा बूट आलाय!"

मी ऐकलं नाही असं ठरवलं.

"आन् त्याला लंकाबाईची चप्पल आलीया! हे समदंच उठतंय, यशया!"

गेलो. काय करणार? दारात गुळाच्या ढेपेएवढा एकच गठ्ठा होता, त्यातून पट्टे, अंगठे आणि टाचा बाहेर आल्या होत्या. चार जण चार बाजूंनी ओढत होते.

"ओढू नका!" मी किंचाळलो.

"तुमीच म्हनला ना, आपापलं करा?" कोणीतरी म्हणालं. फर्रकन एक पट्टा तुटला.

पाळकसाहेब मोज्यांवर उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "यशया, मी तर किट घेतलंही नव्हतं."

एवढ्यात कृपा आली, हातात बॅग, पाय अनवाणी. तिनं गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझी सँडल?"

"मधोमध आहे."

"किती वेळ लागल?"

"गाडी किती वाजता म्हणालीस?"

तिनं बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि स्टँडकडे बघितलं. तेवढ्यात भागूबाईंनी आणखी घोळ घातला.

"तू जा बाबा सुखानं बेलापूरला. आमी जातो अनवानी. पाच किलोमीटर तर हाय. एप्रिलचंच ऊन हाय, मे थोडाच लागलाय!"

एक बाई डोळ्यांना पदर लावायला लागल्या. पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती. मी कृपाकडं बघितलं. आता ही म्हणणार, 'चला, यांचं यांना बघू द्या.' ती म्हणाली असती तर मी गेलो असतो, देवाशप्पथ!

"बूट काढा," ती म्हणाली.

"आं?"

"तुमच्या पायातले बूट काढा. मला उशीर हुतोय."

मी काढले. नव्या साडीखाली तिनं माझे नऊ नंबरचे बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या आणि मागं न बघता टपाटप आवाज करत स्टँडकडे गेली. मी अनवाणी त्या गठ्ठ्यापुढं बसलो. हैदरला फोन करून पेट्रोल मागवलं. तो आला, गठ्ठा बघून पाच मिनिटं हसला आणि म्हणाला, "मंडळी वेगळी, न्हाई का?"

मी एकेक चप्पल पेट्रोलनं सोडवत होतो. लोक रांगेत उभे होते आणि चप्पल हातात आली की म्हणत होते, "सोडवलीच हाय तर एक टाका टाकून द्या."

साडेपाचला फोन वाजला. कृपा! मागं माणसांचा गलका, भांड्यांचा आवाज. मी हळूच विचारलं, "पोचलीस ना नीट?"

"पोचले. पन बेलापुरात गाडीतनं उतरले आन् तुमच्या बुटाचा सोल सुटून पडला. आख्खा! लोकांचं शिवता, सोताचं कधी बघता का?"

"मग गं?"

"मग काय! तिथं कोपऱ्यावर एक माणूस दुकान उघडून बसला हुता. एका टाक्यात नीट करून दिलं. रविवार असून न्हाई म्हनला न्हाई बिचारा! इथं जस्टिनसकट समदे म्हनत्यात, मानूस असावा तर असा."

मला अजून सत्तावीस चपला सोडवायच्या होत्या, म्हणून फोन ठेवला.