गटाराच्या पाण्याचा नमुना

माझ्या हातचा अर्ज आजवर एकदाही फुकट गेलेला नाही! शाळेची पायरी मी चढले नाही. धाकट्या दिराची पाटी पुसता पुसता अक्षरं शिकले. पण आज कोळवणच्या खोऱ्यात कुणाचं काही अडलं, की लोक म्हणतात, "रत्नाबाईकडनं लिवून घ्या." शाईसुद्धा माझी घरची. हिरडा कुटायचा, लोखंडी कढईत गंजक्या खिळ्यांबरोबर आठ दिवस भिजत घालायचा आणि गाळून घ्यायचा. अशी काळीभोर होते, की बोटाला लागली तर पुढच्या सणापर्यंत मुक्कामाला!

तर त्रेसष्ट सालच्या श्रावणातली गोष्ट. पावसाचं पाणी गावात तुंबू नये म्हणून ग्रामपंचायतीनं आदल्या उन्हाळ्यात दगडी गटार बांधलं होतं. ते आमच्या परसामागून निघतं, सरपंच हैबतरावांच्या भाताच्या गिरणीला वळसा घालतं आणि ओढ्यात उतरतं. एका सकाळी ओढ्याकाठच्या वाडीतली फुलाबाई रिकामा हंडा घेऊन दारात उभी.

"बाय, आमच्या डवऱ्यात काळं पानी आलंय!"

डवरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. सगळी वाडी त्यातलंच पाणी पिते.

"मग आता पाणी कुठनं आणता?"

"डोंगरातल्या झऱ्यावरनं. लई घसरडं झालंय. काल सून हंड्यासकट पडली. सातवा म्हैना हाय तिला."

मी पदर खोचला आणि निघाले. गटारात पाहिलं तर काळंकुट्ट पाणी खळखळत चाललेलं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हैबतरावांच्या गिरणीला नवं ऑइल इंजिन आलं होतं. जळकं तेल सोडत असणार मेले गटारात!

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते सुपारी कातरत म्हणाले, "त्याल असतं तर पान्यावर तरंगलं असतं. ह्ये तर इरघळलंय."

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही सुपारी कातरा!"

"सरपंचाइरुद्ध लिवतीस व्हय?"

"इंजिनाविरुद्ध लिहिते."

पौडच्या पंचायत समितीला दोन पानी अर्ज लिहिला. 'वाडीच्या जिवाशी खेळ', 'त्वरित चौकशी व्हावी', सगळं सगळं घातलं. नमुना म्हणून गटाराचं पाणी एका रिकाम्या दौतीत भरलं, लाखेनं बूच बसवलं आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती दिलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. सुंदर काळं अक्षर!

'आपला अर्ज पोहोचला. परंतु सोबत पाण्याचा नमुना आढळला नाही. शाईची एक दौत मिळाली, ती कार्यालयीन कामी वापरण्यात येत आहे. तरी नमुना त्वरित पाठवावा.'

माझा असा संताप झाला म्हणता! गटाराचं पाणी ओळखता येत नाही, आणि निघाले तालुका सांभाळायला! दुसरा अर्ज चार पानी झाला. त्यात फुलाबाईची सून होती, झरा होता, सातवा महिना होता, आणि शेवटी 'आपण स्वतः येऊन हे पाणी पिऊन पाहावे' अशी नम्र विनंतीही होती.

आणि खरंच जीप आली हो! जीपमधून आरोग्य निरीक्षक उतरले. काडीपैलवान, पण चेहरा फौजदाराचा. सगळा गाव गिरणीपाशी गोळा झाला. हैबतराव फेटा बांधून, मिशा फुरफुरवत हजर.

साहेबांनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. मी मान ताठ करून ऐकत होते. 'जळके तेल' म्हटल्यावर हैबतराव सुतळी बॉम्बसारखे उडाले.

"कसलं त्याल? पट्टा तुटून म्हैना झाला गिरन बंद हाय! पुन्याहून पट्टा यायचाय अजून! इंजिनात उंदरं ऱ्हात्यात, दावू का?"

दार उघडलं. दोन उंदीर खरोखर बाहेर पळाले! माझी मान दोन बोटं खाली आली.

साहेब काठी टेकत गटाराच्या कडेनं चढाला चालू लागले. मागं गाव. गिरणीच्या वरच्या अंगालाही पाणी काळंच! मारुतीच्या पाराशी काळं. आमच्या वळणावर तर जास्तच काळं.

"हे घर कुणाचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

परसात गेलो. छपराच्या पन्हळाखाली बैलगाडीच्या चाकांच्या दोन जुन्या लोखंडी धावा आडव्या पडलेल्या, गंजून लाल झालेल्या. त्यांवर एक गच्च भिजलेलं पोतं. पोत्यातून काळी धार, ती थेट गटारात.

फुलाबाई पुढं झाली. पोत्यात हात घातला. "आगं बाय! ह्यो तर माझाच हिरडा! वैशाखात मीच दिला की तुला!"

मी मालकांकडे वळले. "इथं कुणी ठेवला?"

"तूच म्हनलीस, घरात दाटी होतीया, भायेर ठिवा."

"मग पन्हळाखाली?"

"भुईवर भिजंल म्हनून तर धावांवर ठिवला!"

हिरडा, गंजकं लोखंड आणि पाणी! अख्ख्या श्रावणभर मी गावाच्या गटारात शाई करत होते! साहेबांनी खिशातून समितीनं चौकशीसाठी दिलेलं पत्र काढलं, धारेत बोट बुडवून त्यावर एक रेघ ओढली. अक्षराशी रंग तंतोतंत जुळला! तो फौजदारी चेहरा पहिल्यांदा हलला. "आमचे कारकून म्हणाले होते, शाई फार उत्तम आहे."

गाव हसून हसून वाकडा झाला. मी हैबतरावांपुढं हात जोडले. "चुकलं माझं, भाऊजी."

"चुकलं म्हंजी? माझ्या इंजिनाला चार पानं!"

तेवढ्यात फुलाबाई साहेबांसमोर उभी राहिली. "सायेब, हसा खुशाल. पर आमच्या पान्याचं काय?"

हसू थांबलं. साहेब म्हणाले, "येताना तो डवरा पाहिला मी. बाई, आज हिरडा काढाल, पण गावाची घाण त्या गटारातनं तुमच्याकडेच येणार. वाडीला विहीर पाहिजे. सरपंचांची शिफारस असेल तर मी वर पाठवतो."

सगळ्यांचे डोळे हैबतरावांवर. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. इंजिन निर्दोष सुटल्याचा आनंद असेल, नाहीतर फुलाबाईची नजर असेल. म्हणाले, "करतो सही. पर अर्ज कोन लिवनार?"

सगळे पुन्हा माझ्याकडे!

शाई शोधावी लागली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीत बावीस हातांवर पाणी लागलं. सुनेला मुलगी झाली होती. विहिरीचं पहिलं पाणी फुलाबाईनं नातीच्या अंगावर घातलं, आणि ती पोरगी अशी केकाटली, की हैबतरावांच्या इंजिनानं लाजावं! हैबतरावांनी मला पुण्याहून निळ्या शाईची बाटली आणून दिली. "वैनी, आता गटाराला सुट्टी द्या."

तेव्हापासून दुकानच्या निळ्या शाईनं लिहिते. परवाच्या पावसात गटाराचं पाणी मला जरा निळसर दिसलं. कागद घेतला, टाक घेतला, 'माननीय' एवढं लिहिलं. मग उठून आधी आमच्या न्हाणीमागं, कपड्यांना नीळ घालते तिथं, जाऊन आले.

आणि कागद गुपचूप चुलीत घातला.