घासणे – झाले

बायको चार दिवस बहिणीकडे गेली आणि हेडक्लार्कसाहेबांनी बाहेरची खोली स्वतः रंगवायची ठरवली. सहा वर्षं ती त्या भिंतीबद्दल बोलत होती. जाताना मात्र एवढंच म्हणाली, "काही करायला जाऊ नका हं. तुमचं काम मला परत करावं लागतं."

हे त्यांना लागलं. (लग्नाला तीस वर्षं होऊनही लागतं म्हणजे प्रेम असणार, अशी त्यांनी समजूत घातली.) एक तरी काम असं करायचं, की तिला बोट लावावं लागू नये!

रंगाच्या दुकानदाराने बजावलं, "जुना ऑइलपेंट ना? मग आधी चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपरने घासा. मग धुवा, वाळू द्या, मग प्रायमर, मग रंग. घासायचं टाळलंत तर नवा रंग धरायचा नाही."

"टाळतो कशाला? लिहूनच घेतो." साहेबांनी यादी केली. घासणे, धुणे, प्रायमर, रंग. घरी आल्यावर खाली, जरा लाजतच, पाचवं कलम घातलं.

आता साहेबांची एक खोड सांगायला हवी. ऑफिसात सत्तावीस वर्षं ते आधी टिक मारत आणि मग कामाला लागत. टिक दिसली की वरचे गप्प बसतात, हा अनुभव. शुक्रवारी सकाळी पॉलिश पेपर समोर ठेवून त्यांनी सवयीने घासणे-धुणे दोन्हींवर टिक मारली आणि फोन वाजला.

"जेवलात का?"

"अगं, नऊ वाजलेत सकाळचे!"

"मग नाश्ता?"

नाश्त्यावरून गॅस, गॅसवरून दूधवाला, असं करत पाऊण तास गेला. परत येऊन यादी बघतात तर दोन कामं झालेली! (हात मुळीच दुखत नव्हते. आपल्यात अजून दम आहे, असा त्यांनी अर्थ काढला.) भिंत चकाकत होती, ती धुतल्यामुळे. त्यांनी प्रायमर उघडला.

रविवारी संध्याकाळी बायको आली आणि पिशवी हातात तशीच धरून दारात थबकली. "अगंबाई! तुम्ही केलंत हे?" तिचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत तिने त्यांच्याकडे असं क्वचितच पाहिलं होतं.

मग तिला भिंतीवरच्या खिळ्याजवळ रंगाला आलेला एक फुगा दिसला. तिने नखाने टोकरला. दुधावरची साय निघावी तसा हातभर रंग निघून तिच्या हातात आला.

"घासली होतीत ना?"

"म्हणजे काय! लेखी आहे." साहेबांनी यादी पुढे केली.

तिने यादी वाचली, भिंत पाहिली, पुन्हा यादी वाचली. पाचवं कलम होतं, 'तिला आवडणे'. त्यावरही टिक होती.

ती आधी खदखदून हसली, मग म्हणाली, "आवडली होती हो. खरंच आवडली होती." त्यांच्या खिशातलं पेन काढून तिने टिकेशेजारी लिहिलं, 'प्रलंबित'. आणि बाह्या सरसावल्या. "पॉलिश पेपर कुठाय?"

साहेबांनी आणून दिला. दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती.

"तुमचं काम परत करावं लागतं म्हणाले, ते चुकलंच माझं," घडी उलगडत ती म्हणाली. "हे तर अजून पहिल्यांदाही झालेलं नाही."