वडगाव ते टोकियोचा ताणा

दिवाळीच्या पाडव्याला, फराळाच्या वेळी, आमचे शेजारी सिद्राम अण्णा यांनी तीन लाख चाळीस हजार रुपयांचा एक बेत जाहीर केला. हजर होते ते स्वतः, मी, माझी बायको सुनंदा आणि आमची मुलगी अपूर्वा. बेत असा, की बेळगावातल्या आमच्या वडगावातून निघायचं, सिंगापूर, हाँगकाँग, ओसाका आणि टोकियो इथली थीम पार्कं बघायची आणि परत यायचं. नुसती बघायची नाहीत. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात उंचावरून खाली कोसळणारा जो पाळणा असेल, त्यात बसायचं.

अण्णांचं वय सहासष्ट. तोवरचा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास इचलकरंजीचा, तोही सूत आणायला. मी चिवडा खात होतो. हा बेत भाऊबीजेपर्यंत काही टिकत नाही, असा माझा अंदाज होता.

अंदाज चुकला. तेव्हापासून आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी जपानी माणसं किंचाळतात.

त्याचं असं आहे, की अण्णांची चाळीस वर्षं चार यंत्रमागांच्या मध्ये उभं राहण्यात गेली. आपण ज्याला बोलणं म्हणतो, ते त्यांना कुजबुज वाटतं. त्यामुळे पाळण्यांचे व्हिडिओ ते मोबाइलचा आवाज शेवटच्या टोकाला नेऊन बघतात. पाळणा वर चढताना कडकड, कडकड, मग क्षणभर शांतता, आणि मग पन्नास जपान्यांची एकदम बोंब. पहिल्या दिवशी समोरच्या घरातल्या आजी देवापुढचा दिवा टाकून बाहेर आल्या होत्या. आता त्या शांतपणे सांगतात, "कुनी मेलं न्हाय. सिद्रामाचं जपान चालू झालंय."

लोक सहलीची आखणी कागदावर करतात, हल्ली मोबाइलवर करतात. अण्णांनी ती सुतावर केली. माग विकल्यापासून त्यांची मागाची खोली रिकामी होती. त्या खोलीच्या लांब भिंतीवर त्यांनी खिळे ठोकले. दाराजवळचा खिळा बेळगाव, खिडकीजवळचा टोकियो, मधले खिळे मधली शहरं. खिळ्याखिळ्यातून दोरे ताणले. एक दोरा म्हणजे एक दिवस. विमानाचा दिवस लाल, मुक्कामाचा हिरवा, पाळण्याचा पिवळा. एखादा दिवस बदलला की तेवढाच दोरा तोडायचा, बोटाला थुंकी लावायची आणि नवा दोरा सांधायचा. त्यांची ती विणकराची गाठ डोळ्याचं पातं लवेपर्यंत बसते, आणि नंतर शोधून सापडत नाही.

"आधी ताणा, मग बाणा," असं ते म्हणत. उभे धागे आधी नीट लागले पाहिजेत, आडवे नंतर. "ताणा वाकडा, तर लुगडं वाकडं. मग ते लुगडं असू दे न्हाय तर जपान."

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "पट्टा आवळलास न्हवं?" पाळण्यात बसल्यावर पट्टा आवळावा लागतो, हे त्यांनी व्हिडिओत पाहिलं आणि ते त्यांच्या मनात ठसलं. मी सकाळी निपाणीची बस धरायला निघालो की ओट्यावरून विचारत, "दत्ता, पट्टा आवळलास न्हवं?" रिक्षात बसणाऱ्याला विचारत, परीक्षेला जाणाऱ्याला विचारत. गल्लीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले, तर त्या मुलीच्या बापालाही त्यांनी हेच विचारलं.

तयारी तर अशी, की सैन्यात जाणाऱ्यानं करावी. तीन मिनिटांच्या पाळण्यासाठी दोन-दोन तास रांगेत उभं राहावं लागतं, असं अपूर्वानं वाचून दाखवल्यावर अण्णा रांगेचा सराव करू लागले. महिन्याच्या सुरुवातीला रेशनच्या दुकानात जायचे, रांगेत उभे राहायचे, आणि नंबर आला की मागच्याला "व्हा पुढं" म्हणून पुन्हा शेवटी जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या खेपेला दुकानदार बाहेर आला. त्याला वाटलं, हे वरून पाठवलेले तपासनीस आहेत. त्या दिवशी तांदूळ सगळ्यांना बरोबर मापात मिळाला, असं सुनंदा सांगते.

परदेशी अधिकाऱ्यांची त्यांना धास्ती नव्हती. अर्धा किलो कुंदा, आमची बेळगावची खव्याची मिठाई, बरोबर घ्यायचा. "एक चमचा तोंडात घातला की साहेब शिक्का मारतंय बघ. कुंद्याला कुठला देश आडवा येत न्हाय."

मी निपाणीत एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. सकाळी जातो, संध्याकाळी सातला घरी येतो. इतकी वर्षं सातला घरी चहा तयार असे. दिवाळीनंतर घराला कुलूप असू लागलं. किल्ली शेजारी, बायको शेजारी, मुलगीही शेजारी. शेजारून जपान्यांची बोंब, आणि तिच्या पाठोपाठ सुनंदाचं हसणं. हे हसणं मी आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं. मध्यंतरी ते कुठे होतं, मला माहीत नाही.

मला मत्सर वाटला. स्पष्टच सांगतो. एकतर आमच्या घराचे हप्ते अजून फिटायचे आहेत आणि या माणसाकडे जपानला जाण्याइतके पैसे खरोखरच होते. चार मागांचे आणि परसातल्या जागेचे. पण ते पोटदुखीचं खरं कारण नव्हे. आम्ही मागे गोकर्णला गेलो, तेव्हा त्या सहलीची आखणी मी केली होती. कुठली बस, कुठे नाश्ता, माणशी खर्च किती, सगळं आधी घरात वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर वर पाहिलं, तर दोघी झोपल्या होत्या. आणि आता ही माझीच मुलगी, पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, अभ्यास बाजूला ठेवून, ओसाकाच्या लोकलचं वेळापत्रक या माणसाला रंगवून सांगत होती, आणि माझी बायको दोऱ्याची रिळं धरून बसली होती.

शिवरात्रीच्या सुमाराला तर कमाल झाली. आमच्याकडे कोणी सौंदत्तीला किंवा काशीला निघालं, की बायका त्याला सांगतात, माझ्या नावानं हात जोड, माझ्या नावानं एक बुडी मार. गल्लीतल्या बायकांनी अण्णांनाही तेच सांगितलं. माझ्या नावानं एक फेरी मारा. अण्णांनी कबूल केलं की पाळणा टोकाला जाऊन खाली सुटला, की त्या-त्या बाईचं नाव मोठ्यानं घ्यायचं. टोकियोच्या आकाशात "कलावतीऽऽ" अशी हाक कशी ऐकू येईल, ते त्यांनी ओट्यावर उभं राहून करूनही दाखवलं. परत आल्यावर काशीहून आल्यासारखं मावंदं घालायचं, गल्लीला जेवण द्यायचं, हेही ठरलं. सुनंदानं स्वतःचं नाव दिलं, अपूर्वाचं दिलं. माझं नाव कुणी दिलं नाही. मी विचारलं, तेव्हा सुनंदा म्हणाली, "तुम्हाला उंचावर चक्कर येते की." चक्कर येते, हे खरं आहे. पण तिथे अण्णा बसणार होते, मी नव्हे.

तेव्हा मी ठरवलं की हा हिशेब तपासायचा. कुठेतरी भोक सापडेलच, आणि ते भोक सगळ्यांच्या देखत दाखवायचं. एका शनिवारी मी भिंतीसमोर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. विमानं, मुक्काम, तिकिटं, जेवण, एकेक दोरा मोजला. अण्णा मागे उभे राहून, शाळा तपासायला आलेल्या साहेबाकडे मास्तर बघतो तसे बघत होते. हिशेब तंतोतंत होता. तीन वेळा केला, तीनही वेळा जुळला. मला इतका राग आला की मी त्यांना शाबासकी दिली.

पण तपासताना एक गोष्ट लक्षात आली. अपूर्वाला विचारलं, तिनं दुजोरा दिला. ताणा पूर्ण होत आला की अण्णा दर वेळी एक शहर वाढवत किंवा काढत. आधी शिवरात्रीनंतर जायचं होतं. मग मध्येच शांघाय आलं आणि जाणं गुढीपाडव्यावर गेलं. मग शांघाय काढलं, बँकॉक घातलं, आणि जाणं मे महिन्यावर गेलं. आता बँकॉकही निघालं होतं. म्हणजे हा माणूस जाणारच नव्हता. मला जे भोक हवं होतं ते सापडलं, आणि मनातल्या मनात मी गोकर्णचा सूड घेतला.

मी टिळकवाडीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याला फोन केला. रविवारी संध्याकाळी सहाला त्यानं माणूस पाठवायचा, सगळ्यांच्या समोर अण्णांचं तिकीट काढायचं. अण्णांना सांगितलं, तर ते "बरं" म्हणाले. एवढंच. सुनंदानं त्या दिवशी गोडाचा शिरा करायला घेतला.

रविवारी दुपारी चारला मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. तिकिटाच्या फॉर्मवर लिहायला पासपोर्टचा नंबर हवा होता. अण्णा मागाच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मोबाइल बंद होता. ती खोली इतकी शांत मी पहिल्यांदाच पाहिली. जमिनीवर चार मागांच्या पायांच्या जागी सिमेंटचे चार-चार चौकोन उरले आहेत, तेही त्या दिवशीच दिसले.

"अण्णा, पासपोर्ट द्या. नंबर उतरून घेतो."

"न्हाय."

"सापडत नाही?"

"काढलाच न्हाय रं."

मी खाली सतरंजीवर बसलो. सहा महिने हा माणूस टोकियोच्या रांगेचा सराव करत होता आणि त्यानं पासपोर्टचा अर्जही केला नव्हता. मला हसू यायला हवं होतं. सहाला हे सगळ्यांच्या समोर सांगायचं, एवढंच माझं काम उरलं होतं.

अण्णा भिंतीकडे बघत बोलू लागले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, म्हणून मला पुढे सरकावं लागलं. बायको वारून आठ वर्षं झाली. मुलगी चिकोडीला दिलेली, ती सणावाराला येते. पण माग होते तोवर घर रिकामं वाटलं नाही. माग गेले आणि पहिल्या रात्री शांततेनं जाग आली. पाडव्याला फराळाला बसल्यावर ते सहज बोलून गेले होते, जपानला जातो म्हणून.

"तुमी सगळी हसलासा. आन् दुसऱ्या दिशी तुझी पोरगी आली, अण्णा, कंच्या पाळण्यात बसनार, म्हनून. तिसऱ्या दिशी सुनंदा आली. आता तिकीट काढलं की ताणा संपला, दत्ता. मग कोन कशाला ईल हिकडं?"

मी म्हटलं, जाऊन आल्यावर गमती सांगायला असतीलच की. ते म्हणाले, "सांगून सांगून किती दिस सांगशील? चार. आन् जाऊन एकट्यानं बसायचं, तर ते हितं काय वाईट हाय?"

मी घरी आलो. सुनंदा शिऱ्यात वेलदोडा घालत होती. मिळाला का नंबर, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी बघू.

सहाला सगळे जमले. समोरच्या आजी, गल्लीतल्या दोन-तीन बायका, अपूर्वा, सुनंदा. ट्रॅव्हलवाल्याचा माणूस स्कूटरवरून आला, बॅग उघडून फॉर्म काढला. अण्णा भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. पासपोर्टच नाही, हे त्या खोलीत त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं.

मी चष्मा लावला. भिंतीजवळ गेलो. ओसाकाच्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"हे चुकलंय," मी म्हणालो. "हाँगकाँगचं विमान ओसाकाला मध्यरात्रीनंतर उतरतं. म्हणजे तारीख बदलते. म्हणजे पुढचे सगळे दिवस एकेक सरकणार. हॉटेलं बदलणार, पार्कांची तिकिटं बदलणार. हा ताणा असा चालायचा नाही."

अपूर्वा उठून उभी राहिली. "पप्पा, ते संध्याकाळी सातला उतरतं. तुम्हीच तीनदा तपासलंय."

"चुकलो," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडून त्या दोघींनी कधी ऐकला नव्हता. सुनंदानं शिऱ्याचं पातेलं खाली ठेवलं आणि समोरच्या आजींना ऐकू जाईल इतपत हळू म्हणाली, "ह्यांचं सगळं असंच. गोकर्णाला बी असंच केलतं." आजी म्हणाल्या, "असू दे गं. हिशेबाची मानसं अशीच असत्यात." बायकांनी अण्णांची समजूत काढली. बिचारे अण्णा, आता पुन्हा पहिल्यापासून. उद्या लवकर येऊ, सगळ्या मिळून करू. एकीनं लाल दोरा संपल्याचं सांगितलं आणि दुसरीनं तो आणायची जबाबदारी घेतली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. शिऱ्याची पहिली वाटी अण्णांना मिळाली, आणि त्यातल्या काजूंची संख्या पाहून मला पुन्हा थोडं दुखलं.

अण्णांनी वाटी बाजूला ठेवली. ओसाकाच्या खिळ्यावरची गाठ सोडवली, दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि "घट्ट धर, ढील पडू देऊ नकोस," असं म्हणाले. मग रीळ घेऊन ते खिडकीकडे चालू लागले.

ट्रॅव्हलवाल्याचा माणूस बॅग भरून दारात उभा होता. एका हातानं दोरा धरून, दुसऱ्या हातानं मी खिशातून पैसे काढले आणि त्याच्या हेलपाट्याचे दोनशे रुपये त्याला दिले. पावती मागितली नाही.