मी पुलाच्या मधोमध आहे

शहरातल्या त्या दुमजली पुलाबद्दल काही विचारायचं, तर दाजींनाच. वर एक रस्ता, खाली दुसरा, त्याखाली नदी. "डोळे बांधून सोडलंत तरी बरोबर मधोमध जाऊन उभा राहीन," असं बायकोला ऐकवून ते निघाले आणि खरोखरच मधोमध जाऊन उभे राहिले. काखेत छत्री, हातात पिशवी, पिशवीत मेहुणीचा पासपोर्ट. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेली बाई पासपोर्टच यांच्या फ्रिजवर विसरली होती, आणि विमान काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. विमानतळाकडे जाता जाता ती टॅक्सीने पुलावर येऊन तो घेणार होती.

फोन वाजला.

"दाजी, मी पुलाच्या मधोमध आहे."

"मीही."

"समोर लाल होडी आहे बघा."

"आहे की."

"मग तुम्ही कसे दिसत नाही?"

"अगं, मी काय सुई आहे?"

तेवढ्यात पायांखालून टॅक्सीचा हॉर्न वाजला आणि दाजींच्या डोक्यात प्रकाश पडला. ते या टोकाच्या जिन्याने धापा टाकत खाली उतरले. प्रकाश तिच्याही डोक्यात पडला होता; ती त्या टोकाच्या जिन्याने वर चढली. मग दाजी वर, मेहुणी खाली.

"आता जागची हलू नकोस," दाजी फोनवर ओरडले. "पिशवी वरूनच सोडतो."

छत्रीच्या मुठीला मफलर, मफलरला कमरेचा पट्टा, पट्ट्याला पिशवी. दाजी कठड्यावरून घोरपडीसारखे ओणवे झाले. खालून एक हात आला, हिसका बसला आणि पट्ट्यासकट पिशवी गडप झाली.

"मिळाली ना?" घसरती विजार सावरत त्यांनी खाली विचारलं.

"काय मिळाली?" मेहुणी मागून म्हणाली. "हवालदार खाली थांबू देईना, म्हणून टॅक्सी वर आणली."

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो हात हवालदाराचाच निघाला. पिशवी घेऊन तो जिना चढून आला, पासपोर्टवरचा फोटो नि मेहुणीचा चेहरा ताडून पाहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पळा. पुलावरून वस्तू लोंबवणारे हे गृहस्थ थांबतील. पट्टाही माझ्याकडेच राहील, पुरावा आहे."

टॅक्सी सुटली. मेहुणी खिडकीतून वळून वळून हात हलवत होती. दाजी दोन्ही हातांनी कंबर धरून खांबासारखे उभे.

विमानात बसल्यावर तिने बहिणीला फोन केला. "पोचले गं वेळेवर. पण दाजी फार रागावलेत वाटतं. निरोपाला साधा हातसुद्धा हलवला नाही."