केशवराव मास्तरांचं पेव

ज्याने मन जिंकलं त्याला जगात कुणाचाही आधार लागत नाही, असं आमचे शेजारी केशवराव मास्तर सांगत. हे ते जमिनीखालून सांगत.

सोलापुरात आमच्या दोन घरांना मिळून एकच परस होतं. त्यात मास्तरांनी पुरुषभर खोल पेव खणून घेतलं होतं. पेवात ज्वारी साठवतात. यात मास्तर असत. शनिवारी शाळा सुटली की ते शिडीने आत उतरत, डोक्यावर फळी ओढून घेत आणि गिरणीचा भोंगा होईपर्यंत अंधारात औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणत बसत.

भर उन्हात जमीन पाढे म्हणू लागली की आमच्या मोलकरणीच्या हातून भांडी सुटत. एकदा नव्या पोस्टमनने विचारलं, "मास्तर कुटं राहत्यात?" त्याच्या पायाखालून उत्तर आलं, "इथेच. पत्र फळीवर ठेवा." त्यानंतर मास्तरांची पत्रं आमच्याकडे येऊ लागली.

"हे कशासाठी, मास्तर?" मी एकदा विचारलं.

"मनाला कान धरून बसवायचं, अप्पाराव."

आईबाप गेल्यावर ते मोहोळकडे मामाच्या घरी वाढले. बंद पेवातली हवा जीवघेणी असते. म्हणून लोक आधी आत दिवा सोडतात; तो विझला तर कुणी उतरत नाही. मामा तेल वाचवत आणि भाच्याला सोडत.

"मी आत औटकी म्हणायची. आवाज थांबला की मामांनी दोर ओढायचा, असं ठरलेलं."

"थांबला कधी?"

"एकदा. मामा जेवायला गेले होते." मास्तरांनी टोपी नीट केली. "शेजाऱ्याने ओढलं. तेव्हापासून वर कोण आहे, हे मी बघत नाही."

मास्तर पेवात असत त्या वेळी मी परसातल्या लिंबाखाली बाजेवर पडून वाचत असे आणि खोकत असे. खोकला जुना होता. शेवटी बायकोने अडुळशाचा काढा पाजला आणि एका शनिवारी मी पहिल्यांदाच गप्प पडून होतो.

साडेचोवीसवर पाढा थांबला.

मी पुस्तक खाली ठेवलं. लिंबाचं पानही हलत नव्हतं. मग फळीखालून एक बारीक आवाज आला. वर्गात कुणी 'न्हाय' म्हटलं तर मास्तर त्याला बाकावर उभं करत. हा आवाज त्यांचा नव्हता.

"मामा, हाय का तुमी वर?"

मी बाजेवर उठून बसलो.

"हाय की," मी म्हणालो, आणि खोकलो.

 मग जमीन नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हणाली, "अठ्ठावीस."

पुढे वाचनालयात मास्तरांचं मनोनिग्रहावर व्याख्यान झालं. हार, अध्यक्ष, सगळं होतं. "माणसाला कुणाचाही आधार लागत नाही," इथवर येऊन ते अडखळले आणि श्रोत्यांत काहीतरी शोधू लागले. मी पहिल्या रांगेत होतो. खोकलो. अध्यक्षांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. व्याख्यान पुढे सुरू झालं.

शनिवारी दुपारी मी अजूनही बाजेवर पडून खोकतो. काढ्याचा गुण पहिल्याच आठवड्यात आला होता.