तासाची भाजी

मुलगा दर रविवारी आईकडे जेवायला यायचा आणि बारा मिनिटांत जायचा. आई एकटी राहणारी, मानी. थांब म्हणून कधी म्हणायची नाही. पण बारा म्हणजे बाराच.

म्हणून रोपवाटिकेतला माळी जेव्हा म्हणाला, "आजी, ही आर्टिचोक. हिची कळी उकडायची, एकेक पाकळी ओढून बुडाचा गर दातांनी खरवडायचा. एक कळी संपायला तास जातो बघा," तेव्हा तिने घासाघीस न करता चार रोपं उचलली. माळी पुढे कळीच्या पोटातल्या केसांबद्दल काहीबाही सांगत होता. पण 'तास' ऐकल्यावर तिचे कान मिटले होते.

वर्षभर तिने त्या काटेरी झाडांची पोटच्या पोरासारखी उस्तवार केली. पोरापेक्षा ती बरी. जागची हलत तरी नव्हती.

अखेर मुठीएवढ्या कळ्या धरल्या. रविवारी सकाळी तिने त्या उकडल्या आणि तिथेच तिच्यातली सुगरण आडवी आली. माझ्या घरी जेवणाऱ्याने ताटात राबायचं? तिने चमचा घेतला आणि पाकळी न पाकळी स्वतःच खरवडली. तीन तास गेले. गर निघाला वाटीभर.

मुलाने तो चार घासांत संपवला. "मस्त झालंय गं, आई. निघतो."

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे थांब, खरा गाभा राहिलाय!" तिने कळीचं बूड केसांसकट त्याच्या हातात कोंबलं. त्याने एका पायात बूट चढवता चढवता ते तोंडात टाकलं आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी.

"बस खाली! बूट काढ आधी!"

"आई, ही भाजी आहे... की ब्रश?"

"बोलू नकोस. पाणी पी. मग बोल."

ती पाठ चोळत राहिली. कित्येक वर्षांत त्या पाठीला हात लागला नव्हता. दोन ठसक्यांच्या फटीत तो साहेबाची कटकट सांगू लागला, मग गुडघ्याची. तास कधी सरला कळलं नाही.

हळूहळू खोकला बसला. तिचा चेहरा उतरला.

"अजून खवखवतंय का रे?"

"नाही. गेलं."

"नीट बघ. घाई कसली?"

त्याने बुटाकडे हात नेला. आईकडे पाहिलं. आणि खोकला. कोरडा, ओढूनताणून काढलेला. शाळा बुडवायची असली की अस्साच खोकायचा. तेव्हा ती कान धरून पाठवायची.

"जास्तच दिसतंय," ती म्हणाली, आणि त्याचे बूट उचलून आतल्या खोलीत ठेवून आली.